भाऊ खुशीत दिसला की पोटात गोळा येतो - आनंद कोणता आणि एपिसोड कोणता, कसं ओळखायचं?

सावली_उन्हाची

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज धीर करतेय.

माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याला बायपोलर डिसऑर्डर, टाइप वन, असं निदान झालं. पहिला मॅनिया, म्हणजे मूड आणि जोर बेफाम चढण्याचा एपिसोड, आला तेव्हा आम्हाला काहीच कळलं नाही. आठवडाभर तो रात्री जेमतेम दोन-अडीच तास झोपायचा आणि सकाळी आमच्या सगळ्यांपेक्षा ताजातवाना असायचा. एका रात्री अडीच वाजता मी पाणी प्यायला उठले तर हा सगळी पुस्तकं जमिनीवर मांडून बसलेला. एकेक पुस्तक ओल्या फडक्याने पुसायचं, कण्यावर रंगीत चिठ्ठी चिकटवायची, शीळ घालत पुढचं उचलायचं. मला म्हणाला, "ताई, रंग जुळले ना, की सगळ्या पुस्तकांचा अर्थ एकच निघतो." मला वाटलं, चला, आवराआवर तरी करतोय. जाऊन झोपले. चार दिवसांनी तो नोकरीचा राजीनामा देऊन आणि साठवलेले सगळे पैसे एका नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला देऊन घरी आला. मग हॉस्पिटल. आणि मग पाच महिन्यांचं डिप्रेशन. त्या दिवसांत साधी अंघोळ करणंही त्याला जमायचं नाही.

आता दीड वर्ष तो स्थिर आहे. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे, वेळेवर घेतो. गेल्या आठवड्यात त्याला बढती मिळाली. संध्याकाळी घरात शिरला तो शीळ घालतच. आई, बाबा, मी आणि माझा नवरा, आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने ते बघितलं. बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "मला आनंद झाला तरी तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितल्यासारखं करता. तुम्हाला शांत झोप लागावी म्हणून मी कायम उदास राहू का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाला असेल तर सांगा.

नीलमोहर

ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूने लिहितेय. टाइप वन, निदान होऊन 14 वर्षं झाली.

त्याचं वाक्य मी जसंच्या तसं माझ्या आईला ऐकवलं आहे. या आजाराने आमच्याकडून जे काही घेतलं त्यात आनंदावरचा भरवसाही गेला, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. मला स्वतःलाही छान वाटलं की आधी धाकधूक होते. त्यात चार माणसं बघायला लागली की नको तो आनंद असं होतं.

पण तुमच्या पोटात गोळा येतो तोही खोटा नाही. तुम्ही एकदा "आवरतोय" म्हणून झोपायला गेलात, ते तुम्हाला विसरता येणार नाही. त्यात तुमची चूक नव्हती. पहिल्या वेळी कोणालाच कळत नाही.

माझ्यापुरतं उत्तर एका शब्दात सांगते: झोप. माझा आनंद रात्री अकराला झोपतो. मॅनिया झोपत नाही.

पाऊलवाट

+१. वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

अक्षरवेडी

थोडं अवांतर, पण मनात आहे म्हणून. "आमचा साहेब एकदम बायपोलर आहे, सकाळी हसतो, दुपारी ओरडतो" असं सर्रास बोललं जातं. माझी मैत्रीण या आजारातून गेली आहे. ते ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. तासातासाला बदलणारी लहर आणि हा आजार यांचा काही संबंध नाही. मराठीत "द्विध्रुवी मनोविकार" असा शब्द आहे, तो कोणी बोलत नाही, पण निदान त्याची कोणी शिवी तरी करत नाही.

मनोवेध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यावर कोणाचं निदान करणार नाही, पण मूळ प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो.

आधी अक्षरवेडी यांच्या मुद्द्याला जोडून. आम्ही ज्याला मॅनिया म्हणतो तो किमान सात दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलेला असतो (हॉस्पिटलात दाखल करावं लागलं तर दिवस मोजत बसत नाही). हायपोमॅनियासाठी, म्हणजे मॅनियाच्या सौम्य रूपासाठी, सलग चार दिवस. डिप्रेशनसाठी दोन आठवडे. म्हणजे हा दिवसांचा आणि आठवड्यांचा आजार आहे. वर्षात चार किंवा जास्त एपिसोड आले तर त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात, तेही तासांचं नसतं.

आता शीळ. निव्वळ मूडवरून आनंद आणि हायपोमॅनिया वेगळे करणं आम्हालाही अवघड जातं. म्हणून मी मूडबद्दल कमी आणि शरीराबद्दल जास्त विचारतो. सर्वात आधी झोप. पण नीट विचारायला हवं. "झोप लागत नाही" आणि "झोपेची गरजच वाटत नाही" यात फरक आहे. काळजीने तळमळणारा माणूस सकाळी थकलेला असतो. मॅनियाकडे निघालेला माणूस तीन तास झोपून टवटवीत उठतो. दुसरं म्हणजे वेग: बोलण्याचा, कल्पनांचा, फोन करण्याचा, खर्चाचा. तिसरं, अडवल्यावर काय होतं? आनंदी माणसाला "उद्या बोलू" म्हटलं तर तो "बरं" म्हणतो. चढायला लागलेल्या माणसाला ते सहन होत नाही, तो चिडतो. कित्येक जणांच्या मॅनियात आनंद नावालाच असतो, असते ती चिडचिड.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. "बढती मिळाली म्हणजे आनंदाला कारण आहे, म्हणजे काळजी नाही" असं समीकरण मांडू नका. मोठं यश हेही मॅनियाचं निमित्त ठरू शकतं, कारण त्यापाठोपाठ जागरणं, उत्साह, नव्या जबाबदाऱ्या येतात. पुढचे दोन-तीन आठवडे झोप जपा. आनंद जपायला तोच मार्ग आहे.

तिसरीघंटा

बायको या नात्याने लिहिते. नवऱ्याला टाइप वन, लग्नाला अकरा वर्षं, मोठे एपिसोड तीन.

दुसऱ्या एपिसोडच्या वेळी दारात एका दिवशी सात खोकी आली. तीन खोक्यांत एकाच प्रकारचे कॅमेऱ्याचे स्टँड. घरात कॅमेरा नाही. मी विचारलं, तीन कशाला? तर इतक्या तावातावाने, इतकं पटण्यासारखं सांगितलं की पाच मिनिटं मलाही वाटलं तीन लागतातच. हे मुद्दाम सांगतेय, कारण मॅनियातला माणूस वेडंवाकडं बरळतो असं लोकांना वाटतं. सुरुवातीला तसं नसतं. तो आकर्षक असतो, हजरजबाबी असतो, समोरच्याला बरोबर ओढून नेतो.

तो बरा झाल्यावर आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. त्याच्या हस्ताक्षरात. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर डॉक्टरांना फोन, आणि तो फोन मी करणार, तेव्हा तो काहीही म्हणाला तरी. क्रेडिट कार्ड माझ्याकडे. मोठा निर्णय असेल तर दोन रात्री झोपून मग. खाली त्याची सही. तिसरा एपिसोड आला तेव्हा तो म्हणाला, "तू माझ्यावर पाळत ठेवतेस." मी कागद पुढे केला. म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. बराच वेळ बघत राहिला आणि गाडीत बसला. त्या वेळी हॉस्पिटलात राहावं लागलं नाही.

दूरदिवा

तिसरीघंटा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. मी स्वतः पेशंट आहे. कार्ड काढून घेणं, पाच तासांचा हिशोब, हे सगळं ऐकताना मला गुदमरल्यासारखं होतं. आम्ही वर्षातले बहुतेक दिवस बरे असतो. बरं असतानाही पेशंट म्हणूनच जगायचं का? ताईंच्या भावाने जे विचारलं त्याला "आणखी बारीक लक्ष ठेवा" हे उत्तर होऊ शकत नाही.

तिसरीघंटा

@दूरदिवा, कार्ड मी काढून घेतलं नाही, त्याने दिलं. माझ्या लेखी तो फरक मोठा आहे. तुम्हाला नको असेल तर तुमच्या कागदावर ते येणार नाही, इतकंच.

रोखठोक

कोणाला राग आला तरी चालेल. चढउतार प्रत्येकालाच असतात. आयुष्यभर गोळ्या घेणं हा काही उपाय नव्हे. नियमित ध्यान, व्यायाम आणि इच्छाशक्ती यांनी मन ताब्यात येतं. माझ्या ओळखीत एकाने सगळं बंद केलं, दोन वर्षं ठणठणीत आहे.

दूरदिवा

@रोखठोक, राग नाही आला. वर मी देखरेखीच्या विरोधात बोललो, म्हणून मीच उत्तर देतो.

मी तीन वर्षं उत्तम होतो. रोज धावायचो, ध्यान करायचो. वाटलं, आता गोळ्यांची काय गरज? कोणाला न सांगता एका दिवशी लिथियम थांबवलं. पाचवा आठवडा छान गेला, इतका छान की मी डायरीत लिहिलं, "हाच खरा मी." सातव्या आठवड्यात दोन जणांनी धरून मला गाडीत बसवलं. लिथियम एकदम तोडलं तर आजार उलटण्याचा, विशेषतः मॅनिया येण्याचा धोका खूप वाढतो, हे मला नंतर कळलं. इच्छाशक्ती मॅनियात भरपूर असते हो. तिचीच तर पंचाईत होते.

व्यायाम, ध्यान आजही करतो. गोळ्यांसोबत.

खडीसाखर

रोखठोक, "चढउतार प्रत्येकालाच" हे माझ्याबाबतीत सात वर्षं ऐकलं. मला टाइप टू आहे, म्हणजे हायपोमॅनिया आणि डिप्रेशन. डिप्रेशनमध्येच मी डॉक्टरांकडे जायचे, त्यामुळे डिप्रेशनच्याच गोळ्या मिळायच्या. मधले चार-सहा दिवस मी झपाट्याने कामं उरकायचे, त्याला सगळे "बरी झाली" म्हणायचे, मीसुद्धा. मग एकदा त्या गोळ्यांवर असताना चार रात्री झोपच नको वाटली आणि विचार इतके धावायला लागले की वाक्य पूर्ण होईना. नवीन डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "आयुष्यात कधी उलट झालंय का? खूप कमी झोपूनही जोर वाटायचा असे दिवस?" सात वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

डिप्रेशनसाठी जाणाऱ्या प्रत्येकाने हे आपणहून सांगावं, असं मला कळकळीने वाटतं. घरात कोणाला बायपोलर असेल तर तेही. आणि टाइप टू म्हणजे सौम्य बायपोलर नव्हे. मॅनिया सौम्य असतो, डिप्रेशन नाही.

मनोवेध

खडीसाखर यांनी लिहिलं ते नेमकं आहे. बायपोलरमध्ये नुसती अँटिडिप्रेसंट दिली तर मूड उलट टोकाला जाऊ शकतो. मूड स्टॅबिलायझरची, म्हणजे लिथियमसारख्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची, जोड लागते.

जुनापाना

लिथियमचा विषय निघालाच आहे तर त्याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

जॉन केड हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरमधल्या चांगीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तीन वर्षांहून जास्त काढली. परत आल्यावर मनोरुग्णालयातल्या एका साध्या खोलीत प्रयोग सुरू केले. गिनीपिगना लिथियमचं क्षार टोचल्यावर ते शांत पडून राहतात असं दिसलं. मग आधी स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर मॅनियाच्या 10 रुग्णांना दिलं. 1949 साली निबंध छापला. पण मात्रा जास्त झाली की लिथियम विषारी ठरतं, त्यात मृत्यूही झाले, त्यामुळे डॉक्टर बिचकले. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ यांनी 1954 मध्ये रीतसर चाचणी प्रसिद्ध केली आणि आयुष्यभर या औषधाचा पाठपुरावा केला. अमेरिकेत मान्यता मिळायला 1970 उजाडलं.

धागाकर्तीसाठी मुद्दाम: स्कौ यांच्या सख्ख्या भावाला वारंवार डिप्रेशन यायचं. लिथियमने त्याला उतार पडला.

सावली_उन्हाची

@जुनापाना, शेवटची दोन वाक्यं तीनदा वाचली.

पाऊलवाट

लिथियमच्या रक्ततपासणीबद्दल कोणी नीट सांगेल का? आम्हाला "लेव्हल करा" एवढंच सांगितलंय.

नीलमोहर

सांगते, 14 वर्षांची सवय आहे. रात्रीची गोळी घेतल्यानंतर बरोबर 12 तासांनी रक्त द्यायचं. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. माझी लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, 0.6 ते 0.8 मध्ये ठेवतात. मॅनिया चालू असताना थोडी जास्त ठेवतात, ते डॉक्टर ठरवतील. शिवाय थायरॉइड आणि किडनीची तपासणी साधारण सहा महिन्यांनी. कॅल्शियमही बघतात.

घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं असं: जुलाब, उलट्या, ताप, खूप घाम यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लेव्हल वर जाते. मीठ एकदम बंद केलं तरी जाते. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही जाते. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "मी लिथियमवर आहे". हाताला बारीक कंप, तहान, वारंवार लघवी हे नेहमीचं. पण हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या सुरू झाल्या तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

माझ्या हाताला कंप आहे. कप अर्धाच भरते. भाचीला वाटतं आत्याची ती पद्धत आहे, तीही अर्धाच भरते.

काजवा

लिथियम सगळ्यांनाच नाही हं. मला लॅमोट्रिजिन आहे. ते आठवड्याआठवड्याने अगदी हळू वाढवतात, कारण अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. मध्ये बरेच दिवस चुकलं तर आपल्या मनाने जुन्या डोसवर परत जायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी व्हॅलप्रोएट या आजारावरच्या आणखी एका औषधाबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावं, गर्भाला त्याचा मोठा धोका आहे. मलाही आधी तेच होतं, लग्नानंतर वेळीच बदललं.

गोधडी

मुलांना होतं का हो? सहा महिन्यांची मुलगी आहे. नवऱ्याला आजार आहे. रात्री तिच्याकडे बघत बसते.

मनोवेध

@गोधडी, अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे खरं. पण आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. धोका सर्वसाधारणपेक्षा वाढलेला असतो, ठरलेला नसतो. आत्ता सहा महिन्यांच्या मुलीत बघण्यासारखं काहीही नाही. रात्रीच्या जागरणाने नवऱ्याची झोप मोडत असेल तर आत्ता काळजी त्यांची घ्या. आणि तुमच्या झोपेचीही.

काजवा

गोधडीताई, माझा लेक नऊ वर्षांचा आहे. त्याला सांगितलंय की आईच्या मनाचं घड्याळ कधी पुढे जातं, कधी मागे, म्हणून डॉक्टर किल्ली देतात. माझ्या झोपेच्या वहीवर त्याने घुबड काढलंय. दहा वाजले की घुबड दाखवतो.

रोखठोक

दूरदिवा, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या त्या ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. "ठणठणीत" हे मी बाहेरून म्हणत होतो. तो गेले दोन महिने खोलीबाहेर आलेला नाही. ती एकटी आहे. तिला काय सांगू?

मनोवेध

@रोखठोक, फोन केलात, फार बरं केलंत. आज त्यांच्या घरी जाऊ शकत असाल तर जा. त्याला सरळ विचारा, "जगणं नको वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, गोळ्यांचे साठे आणि इजा करून घेता येईल अशा वस्तू दूर करायच्या, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा हॉस्पिटल गाठायचं. उदासी आणि बेचैनी एकत्र असेल, म्हणजे मन काळं आणि अंगात मात्र धावाधाव, तर ती मिश्र अवस्था असते आणि ती जास्त धोक्याची. उपचार परत सुरू होतात. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

रोखठोक

निघतोय.

रोखठोक

काल रात्री लिहायला जमलं नाही. त्याला दाखल केलं आहे. विचारल्यावर तो खूप वेळ रडला. बायको म्हणाली, दोन महिन्यांत पहिल्यांदा रडला. माझा आधीचा प्रतिसाद संपादकांना उडवायला सांगणार होतो, पण राहू दे. माझ्यासारखं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खालचंही वाचावं.

दूरदिवा

🙏 मी येत्या रविवारी मोकळा आहे. त्याला चालणार असेल तर फोनवर बोलेन. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

सावली_उन्हाची

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून मी भावाला धागा दाखवला. लपवून लिहिलं होतं, म्हणून आधी माफी मागितली. त्याने सगळा वाचला. पुस्तकांचा भाग वाचताना थांबला, म्हणाला, "त्या चिठ्ठ्या अजून आहेत का गं?" मी जपून ठेवल्या होत्या, दिल्या. एकेक सोलून बघत राहिला.

मग त्याने कागद मागितला. तिसरीघंटा, तुमच्यासारखाच, पण त्याच्या पद्धतीने. दूरदिवांचं म्हणणं त्याला जास्त पटलं होतं. कार्ड देणार नाही म्हणाला, खर्चाची मर्यादा बँकेत स्वतः कमी करून घेतली. वर लिहिलंय: झोप सोडून दुसऱ्या कशावरूनही मला विचारायचं नाही. झोपेबद्दल फक्त ताई विचारेल. आईबाबा विचारणार नाहीत, एकमेकांकडे बघणारही नाहीत. सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेल्या तर ताईने डॉक्टरांना फोन करायचा, मी नाही म्हटलं तरी. आणि शेवटी: शीळ चालेल.

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या कामाने एक रात्र साडेचार तास झोप झाली. मी वहीत आकडा पाहिला आणि हात गार पडले. काही बोलले नाही. त्याने स्वतः साहेबांना सांगून दुसऱ्या दिवशी लवकर घरी येऊन साडेनऊला दिवा घालवला. आठ तास.

आई अजून चोरून बघते. तिला वेळ लागेल.

पाऊलवाट

शीळ चालेल! हे वाचून फार बरं वाटलं, ताई.

मातीचीपणती

नवीन सदस्य आहे. आजच नवऱ्याचं निदान झालं. पूर्ण धागा वाचला, डोकं बधिर झालंय. सुरुवात कुठून करू?

तिसरीघंटा

आज एवढंच: एक वही घ्या, तारीख टाका. किती वाजता झोपले, किती वाजता उठले. त्यांना जमत असेल तर त्यांनाच लिहू द्या. बाकीचं उद्या विचारा, आम्ही इथेच आहोत.